सरळ काढलेली करंगळी

मला रक्तपिती झाली होती. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे ज्यांना पान उलटायचं असेल त्यांनी इथूनच उलटावं.

आता कुष्ठरोग म्हणतात. आमच्या चाळीत रक्तपिती म्हणायचे, तेही आवाज खाली करून, शेजारच्या खोलीत कुणी आहे का ते बघून. मी चौथी पास आहे. रोगाची शास्त्रीय माहिती माझ्याकडे मागू नका, ती डॉक्टर देतील. मी फक्त माझ्या डाव्या हाताचं सांगणार आहे.

गेल्या महिन्यात पालिकेच्या दवाखान्यात मी रांगेत बसले होते. शेजारी एक तरुण बाई होती. उकाड्यात तिने ओढणीखाली हात दडवला होता. मी विचारलं, "चट्टा आहे का गं?" ती उठली आणि पलीकडच्या बाकड्यावर जाऊन बसली. तिने वाचावं म्हणून हे लिहिते. ती वाचेल असं काही नाही.

हात तयार झाला

लालबागेत आमची खानावळ होती. खानावळ म्हणजे पाटी लावलेलं दुकान नव्हे. एक खोली, बाहेरच्या गॅलरीचा आमच्या दारापुढचा तुकडा आणि दोन चुली. आमचे यजमान गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. खानावळ सासूने सुरू केली होती, लग्नानंतर मी त्यात आले. आमच्या मालवणकडचे एकटे राहणारे गिरणीवाले दोन वेळा जेवायला येत. पाळी सुटली की सगळे एकदम. त्यांना थांबायला वेळ नसायचा आणि सासूला त्यांना थांबवणं म्हणजे अपमान वाटायचा.

म्हणून माझी एक पद्धत झाली होती. उजव्या हाताने परातीत भाकरी थापायची, आणि त्याच वेळी डाव्या हाताने तव्यावरची उलटायची. उलथणं घेतलं की एक हात त्यात अडकतो. नुसत्या बोटांनी कडा उचलायची आणि पालटायची. सुरुवातीला फोड आले. प्रत्येकीला येतात. मग हळूहळू चटका लागेनासा झाला. बायका म्हणायच्या, हात तयार झाला. सासू तर आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या सुनेक चटको लागत नाय. हात बघा तिचो."

मलाही वाटायचं, तयार झाला. दोन वर्षं मी त्यावर मिरवले. उजव्या हाताला मात्र चटका लागायचा, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

त्या दिवशी सगळे ताटावर बसून तावातावाने बोलत होते. मुंबई वेगळी काढणार, महाराष्ट्राला देणार नाहीत, अशी बातमी होती. दत्ताराम म्हणून एक जॉबर, गिरणीतला मुकादम, आमच्याकडे जेवायचा. तो हात नाचवत सांगत होता, मोर्चात पोलीस कसे आडवे आले ते. मी तवा तसाच ठेवून ऐकत होते. घास तोंडाजवळ नेता नेता तो थांबला.

"वैनी, कसलो वास येता?"

मग ओरडला, "वैनी, तुमचो हात जळता!"

मी खाली बघितलं. करंगळीकडची तळहाताची कड तव्याला टेकलेली होती. कातडं चिकटलं होतं. मी हात ओढला तेव्हा ते तव्यावरच राहिलं. मला काही म्हणजे काही कळलं नाही.

दोघं-चौघं हसले. "वैनीचो हात लोखंडाचो," कुणीतरी म्हणालं. सासूही हसली. आमचे यजमान हसले नाहीत. त्यांच्या गावी एक चुलते होते, त्यांना वाडीबाहेर खोपटं बांधून दिलं होतं. लहानपणी हे त्यांचं जेवण दगडावर ठेवून यायचे. यजमान ताटावरून उठले, माझा हात धरला, जळल्याच्या वरच्या बाजूला चिमटा काढला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

टाचणी

दुसऱ्या दिवशी परळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "डोळे मिटा. टोचलं की सांगा."

मी डोळे मिटून बसले. बराच वेळ झाला. मला घरी चुलीवर टाकून आलेल्या डाळीची काळजी. शेवटी मीच म्हटलं, "टोचा ना लवकर. मला घरी काम आहे."

डॉक्टर म्हणाले, "बाई, सात वेळा टोचलं."

डोळे उघडले. हातावर रक्ताचे ठिपके होते. मोजले, सात होते.

कोपरावर एक फिकट चट्टा होता, मी त्याला साधा डाग समजत होते. डॉक्टरांनी कोपराच्या मागे बोटाने दाबलं तेव्हा मात्र झिणझिण्या थेट करंगळीपर्यंत गेल्या. शीर सुजली होती. ते म्हणाले, औषध निघालंय, गोळ्या आहेत, वेळ लागेल पण रोग जाईल. मग यजमानांकडे बघून म्हणाले, "या दोन बोटांवर लक्ष ठेवायला हवं. शेवटची दोन. ती आत वळायला लागली आणि तशीच राहिली, तर मग उघडत नाहीत."

घरी गेल्यावर यजमानांनी आईला सांगितलं. माझी शकू चार वर्षांची होती, माझ्या मांडीवर येऊन बसली होती. सासू जवळ आली, आणि शकूला उचलून घेऊन गेली. मी तिला दोष दिला नाही, पण विसरलेही नाही.

चाळीत सांगायचं ठरलं की मी बहिणीच्या बाळंतपणाला गावी गेले, आणि लांबलं तर माहेरी कुणी आजारी आहे. निघताना सासू दारात उभी होती. म्हणाली, "हात धड घेवन ये. नायतर हय पाय ठेव नको."

तिचं म्हणणं साधं होतं. वाकडी बोटं बघितली की आमच्या भागात कुणाला विचारावं लागत नसे. आतला रोग गेला काय, राहिला काय, लोक हात बघणार. त्या हातची भाकरी कोण खाणार? आणि खानावळ बंद झाली तर घरात मला काय काम? तेव्हा माझा प्रश्न रोग जातो की नाही हा नव्हता. दोन बोटं सरळ राहतात की नाही, एवढाच होता.

हाताला काम नाही

मला ठेवलं तो रक्तपितीचा दवाखाना शहराच्या एका टोकाला होता. आमच्या खोलीत बारा खाटा. सकाळी घंटा, मग गोळी. मग कोमट पाण्यात हात बुडवून बसायचं, मग तेल लावायचं, मग बोटं एकेक करून सरळ ताणायची. त्यानंतर परिचारिका दारातून ओरडायची, "हात बघा, पाय बघा." आम्हाला दुखणं कळत नाही, म्हणून जखम डोळ्यांनी शोधायची. बारा बायका आपापले हात वर धरायच्या, उलटसुलट करायच्या आणि म्हणायच्या, "बघितले." सगळं दहा वाजायच्या आत संपायचं.

मग दिवस उरायचा. मी जन्मात रिकामी बसलेले नव्हते. खाटेवरून उठायचे, व्हरांड्याच्या टोकाला जायचे, परत यायचे, चादर झटकायचे, परत जायचे. शेजारणीची चादर झटकायचे. वरळी कोळीवाड्याची हिराबाई पलीकडच्या खाटेवर होती, साठीची, उजव्या हाताची दोन बोटं झिजून गेलेली. ती म्हणायची, "काय गो, भरती-ओहोटीसारखी येतेस नि जातेस? बस ना जरा. माझं डोकं गरगरतंय."

शकूची आठवण यायची तशी ती सगळ्यांना येत असते, त्याबद्दल लिहीत नाही. भीती मात्र वेगळी होती. ती दर थोड्या वेळाने यायची, नळ ठिबकतो तशी. दिवसातून पन्नास वेळा मी डावा हात समोर धरायचे, दोन बोटं बघायचे. बघून समाधान होत नसे. बघितलं आणि हात खाली घेतला की वाटायचं, सरळ होती ना नक्की? परत बघायचं.

केळीचा घड

माझ्या डाव्या बाजूच्या खाटेवर सुमतीबाई होत्या. गिरगावच्या, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या. दोन्ही हातांची बोटं आत वळलेली, पेन्सिल धरता येत नव्हती. त्यांच्या माणसांनी त्या वारल्या असं नातेवाइकांत सांगून टाकलं होतं. हे त्या हसत सांगायच्या. "माझं तेरावं झालंय," म्हणायच्या, "आता मला कसली घाई?"

पन्नासदा हात बघताना त्यांनी मला पाहिलं. एक दिवस म्हणाल्या, "मालती, तू हात बघत नाहीस. नुसती डोळ्यांसमोर धरतेस. उद्या जखम झाली तरी दिसायची नाही तुला."

"मग कसा बघू?"

"काढ."

"काय काढू?"

"चित्र. रोज एक. डावा हात समोर ठेवायचा आणि उजव्याने काढायचा."

मी म्हटलं, "बाई, मला रांगोळीत कमळसुद्धा धड येत नाही."

"कमळ कोण मागतंय?"

पेन्सिल त्यांच्या पिशवीत होती. कागद नव्हते. आमचे यजमान रविवारी यायचे, कठड्यापलीकडे उभे राहून बोलायचे. त्यांच्या खिशात चळवळीच्या पत्रकांचा गठ्ठा असायचा, वाटून उरलेला. एका बाजूला छापील, दुसरी कोरी. मी म्हटलं, ती देऊन जा. त्यांना वाटलं, मला वाचायची आहेत. खूश झाले. त्यांनी मला भाषावार प्रांतरचना समजावली, अर्धा तास. मी कोरी बाजू बघत होते.

पहिलं चित्र बघून हिराबाई म्हणाली, "केळीचा घड चांगला आलाय गो." तिचं बरोबर होतं. मी बोटांपासून सुरुवात केली होती, एकाशेजारी एक पाच केळी.

सुमतीबाई म्हणाल्या, "बोटं विसर. आधी तळवा. तो पाट समज, मनगटाकडे निमुळता. बोटांची मुळं एका रेषेत नसतात, कमानीवर असतात, मधल्याचं सर्वांत वर. आणि अंगठा त्या रांगेतला नाहीच. तो बाजूच्या दाराने येतो."

दुसरं चित्र, तिसरं, आठवं. पत्रकांचा कागद पातळ, दाबून काढलं की फाटायचा आणि पलीकडची अक्षरं दिसायची, त्यामुळे चित्रातल्या माझ्या मनगटावर नेहमी उलटं "झालाच पाहिजे" असायचं. आठ दिवसांनी बाईंनी नवीन सांगितलं. म्हणाल्या, "आता बोट काढूच नकोस. दोन बोटांच्या मधली रिकामी जागा काढ. तिची लांबी बघ, तिचा उतार बघ. ती बरोबर आली की बोटं आपोआप येतात. नखं सगळ्यात शेवटी, ती काढायचा मोह सगळ्यांना आधी होतो."

मला हे पटलं नाही, पण केलं. आणि खरंच आलं. त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर केळी नव्हती, हात होता. त्याच दिवशी तर्जनीच्या खाली एक बारीक फोड दिसला. पाणी तापवायचं भांडं उचलताना भाजलं असणार. सकाळी मी "बघितले" म्हणून ओरडले होते आणि तो दिसला नव्हता.

मग सवयच लागली. तेल झालं की कागद. अर्धा तास पाय हलायचे नाहीत. संपलं की परत व्हरांडा, पण तो अर्धा तास मला कुणी हलवू शकत नसे. मी हिराबाईचा हातही काढायला मागितला. ती म्हणाली, "काढ. दोन बोटं कमी हायती, तुझं काम लवकर व्हईल."

चुकून सरळ येत नाही

तीन-चार महिने झाले असतील. शहरात गोळीबार झाला होता, संचारबंदी लागली होती. आम्हाला बातम्या आचाऱ्याकडून कळायच्या, त्याही अर्ध्या. लालबाग पेटलंय म्हणायचा. कुठली चाळ, कोण गेलं, काही सांगता यायचं नाही त्याला. यजमान रविवारी आले नाहीत. पुढच्या रविवारीही नाही.

त्याच दिवसांत माझा कोपर दुखायला लागला, आणि अंगावर गाठी आल्या. औषधाने असं कधी कधी होतं. ते कमी झालं, पण एका सकाळी कागद समोर घेतला आणि करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्यामधली जागा काढताना हात थांबला. जागा कालच्यासारखी नव्हती. करंगळी खाली आली होती, थोडीशीच. शेजारचं बोटही तिच्या मागे निघालं होतं.

मी ती जागा कालच्यासारखी काढली. दोन्ही बोटं सरळ. दुसऱ्या दिवशीही तशीच. तिसऱ्या दिवशी तर समोरचा हात न बघताच काढला, इतका मला सरळ हात पाठ झाला होता.

सुमतीबाई म्हणाल्या, "आठवड्याची सगळी चित्रं आण."

त्यांना कागद धरता येत नसत, म्हणून मी खाटेवर ओळीने मांडली.

"हात शेजारी ठेव."

ठेवला.

"हे बोट कुणाचं?"

"माझंच की."

"तुझं तर खाली आलंय."

"काढताना चुकलं असेल."

"चुकून सरळ येत नाही, मालती. चुकलं तर वाकडं येतं. सरळ तू मुद्दाम काढलंस."

मला राग आला. इतका की मी बोलू नये ते बोलले. "तुमचे हात वाकडे झाले म्हणून तुम्हाला सगळ्यांचे वाकडे दिसतात."

हिराबाई पलीकडून "अगो ए" म्हणाली. सुमतीबाई म्हणाल्या, "दिसतात खरे. कारण स्वतःचे मी वेळेवर बघितले नाहीत. दोन वर्षं हातमोजे घालून शाळेत जात होते. मुलींना सांगायचे, दिसतं तेच काढा. आणि स्वतः मोज्यात हात." मग म्हणाल्या, "डॉक्टरांना दाखव."

"सांगू नका तुम्ही."

"मी कशाला सांगू? हात तुझा आहे."

मी दोन दिवस काढलं नाही. व्हरांड्यात फिरत राहिले. माझ्या डोक्यात काय होतं ते लिहिते, कारण ती दवाखान्यातली बाई आत्ता तेच करत असणार. मला वाटत होतं, डॉक्टरांनी नोंद केली की ते खरं होईल. नाही सांगितलं, तर रात्रीत कधीतरी बोटं आपोआप वर येतील. घरी जाताना हात धड पाहिजे, म्हणून मी हातच बघायचा बंद केला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी काढला. फार सावकाश. दोन बोटांमधली जागा, जशी होती तशी. कागद एकदाच फाटला. तो घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि टेबलावर ठेवला. आदल्या आठवड्याचं खरं चित्रही शेजारी ठेवलं.

डॉक्टरांनी आधी छापील बाजू बघितली. म्हणाले, "हे इथे वाटायचं नाही बाई."

मी म्हटलं, "उलटं करा."

त्यांनी उलटं केलं. दोन्ही कागद बराच वेळ बघितले, मग माझा हात. "कधीपासून?"

"आठ दिवस."

"आज आलात ते बरं झालं." ते मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

रविवार

हात कोपरापासून प्लास्टरमध्ये घातला. शिरेला विसावा पाहिजे म्हणाले. तीन आठवडे. आत बोटं वाकताहेत की सरळ होताहेत, काही दिसायचं नाही. रोज बघायची सवय लागलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. मी प्लास्टरवर टकटक करत बसायचे. हिराबाई म्हणायची, "दार वाजवतेस काय? कोण उघडणार हाय?"

यजमान आले, चौथ्या रविवारी. कपाळावर खोक पडलेली, शिवलेली. मी आधी खोकेबद्दल विचारायला हवं होतं. मी म्हटलं, "तीन रविवार?"

"संचारबंदी होती."

"तिन्ही रविवार?"

"दोन," ते म्हणाले. "तिसऱ्याला सभा होती."

खोटं बोलले असते तर मला कळलं नसतं. मला हसू आलं आणि रागही आला, आणि मग मी त्यांना कठड्यावरून हात दाखवला आणि सांगितलं की दोन बोटं वळताहेत. आईला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

ते म्हणाले, "तूही सांगू नको. मीही नाही सांगत. बघू." मग त्यांनी कठड्यावरून हात पुढे करून माझ्या उजव्या हातात पत्रकांचा नवा गठ्ठा दिला. आतापर्यंत ते कठड्यावर ठेवायचे आणि मागे सरायचे. त्या दिवशी हातात दिला. ते विसरले की मुद्दाम, मी कधी विचारलं नाही.

प्लास्टर काढलं. शेजारचं बोट सरळ झालं होतं. करंगळी अर्धी वर आली आणि तिथेच थांबली. पुढे वर्षभर तेल लावलं, ताणली, फळीला बांधली. ती नाही ती नाहीच. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस लपवलं असतं तर दोन्ही गेली असती. एक गेलं, एक राहिलं.

हेच सांगण्यासारखं आहे, म्हणून इथेच सांगते. आता औषधं पुष्कळ चांगली आहेत, कुणाला घर सोडावं लागत नाही. पण बधिर हाताला आजही डोळेच लागतात. चित्र येत नसेल तर हात कागदावर ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवा. रोज, तेल लावल्यावर. कालच्या कागदाशेजारी आजचा ठेवा. फरक दिसला तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. कागद दुरुस्त करत बसू नका.

बाईंचे हात

तीन गणपती मी तिथे काढले. मग तपासणीत काही सापडेना, सलग कितीतरी वेळा सापडेना, आणि मला घरी जायला सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी सुमतीबाई म्हणाल्या, "माझे काढ."

आजवर त्यांनी ते काढू दिले नव्हते. चादरीवर दोन्ही हात ठेवले. मला भीती वाटली, मी पुन्हा खोटं काढेन की काय, यावेळी दयेने. म्हणून मी हात काढलेच नाहीत. वळलेल्या बोटांच्या आतली जागा काढली, ती छोटी, काळोखी जागा, जिथे पूर्वी पेन्सिल असायची. मग भोवतीने बाकीचं आलं.

त्यांनी कागद मला लांब धरायला लावला. डोळे बारीक करून पाहिलं. मला वाटलं, आता रडतील.

"उजवा अंगठा मोठा झालाय," म्हणाल्या. "तीन वर्षांत तुला अंगठा काही जमला नाही."

तो कागद त्यांनी ठेवून घेतला. पुढे मी दर महिन्याला त्यांना भेटायला जात राहिले, त्या गेल्या तोपर्यंत. त्यांचं दुसरं तेरावं कुणी केलं नाही. मला ते कसं करतात ठाऊक नव्हतं, म्हणून मी त्या दिवशी अंगठे काढत बसले.

नळ

घरी आले तेव्हा दुपार होती. सासू दारात.

"दाखव."

मी दोन्ही हात पुढे केले. तिने उजवा बघितला, मग डावा. करंगळीवर नजर थांबली.

"ह्या काय?"

"राहिलं तसं. एवढंच राहिलं. रोग गेला, कागद आहे दवाखान्याचा."

तिला कागद वाचता येत नव्हता. ती बाजूला झाली नाही आणि दारही लावलं नाही. शकू तिच्या मागून बघत होती, सात वर्षांची, मला न ओळखून. तेवढ्यात समोरच्या खोलीतली भागीरथी आली. "इली काय माहेरसून? बोटाक काय झाला गो?"

मी तोंड उघडायच्या आत सासू म्हणाली, "दारात चेपला."

मला तिथे गप्प बसता आलं असतं. हा हिशेब मी तीन वर्षं करत आले होते की बोट दिसलं तर काय सांगायचं. पण एकदा वाकडं बोट सरळ काढून काय होतं ते मी बघितलं होतं. म्हटलं, "दारात नाही. रक्तपिती झाली होती. दवाखान्यात होते. आता बरी आहे."

भागीरथी गेली. संध्याकाळपर्यंत चाळीच्या चारी मजल्यांना माहीत होतं. रात्रीच्या जेवणाला निम्मी माणसं आली नाहीत. दत्ताराम आला, खाली मान घालून जेवला, नेहमीपेक्षा कमी. चूल सासूनेच सांभाळली, मला जवळ येऊ दिलं नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी पिशवी सोडली नव्हती, दाराजवळच ठेवली होती. यजमान काही बोलायला गेले की ती त्यांना म्हणायची, "तू सभेक जा."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कळशी घेऊन नळावर गेले. रांगेत ठेवली. भागीरथीने आपला हंडा उचलून बाजूला घेतला. मग दुसरीने. मग सगळ्यांनीच. भागीरथी म्हणाली, "हिने पाणी खालच्या नळावर भरूचा. हय पोराबाळांचा घर आसा."

मी कळशीला हात घातला, उचलायला. पाठीमागून कुणीतरी माझा हात बाजूला केला. सासू होती. चुलीवरचं तसंच टाकून आली होती, हाताला पीठ. तिने माझी कळशी उचलली, सगळ्यांच्या हंड्यांपुढे नेली आणि नळाखाली ठेवली.

"ही माझ्या सुनेची कळशी," ती म्हणाली. "कोणाक काय बोलूचा आसात तर माका बोला."

नळ अजून आला नव्हता. सासू नळाशेजारी उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, पाणी येईपर्यंत. आलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "उभ्या उभ्या बघतंस काय? भर."